एकाच लायब्ररीच्या दोन प्रती

तो चिमटा माझा, ताईच्या मनात आलं... काळा, एक दात तुटलेला, सकाळी आरशापुढे शोध शोध शोधला, आणि आता समोरच्या टेबलाशी, स्क्रीनवर वाकलेल्या धाकटीच्या केसांत तो दिसतोय – न विचारता घेतलेला, नेहमीसारखा, आणि आईचंही नेहमीचंच, "अगं घेऊ दे की, धाकटी आहे!" धाकटी म्हणे. तिशी आली तरी धाकटीच.

या ऑफिसात तिला ताईनेच चिकटवलं होतं. हौस, दुसरं काय! आठ वर्षं घासल्यावर टीमप्रमुखाची जागा आपलीच, असं ताई धरून चालली होती. ती आता धाकटीला मिळणार होती – आज चारचा डेमो नीट झाला तर. आणि तो नीट होणार नव्हता. ताईला हे परवापासून माहीत होतं.

परवा बिल्डच्या, म्हणजे प्रोग्रॅमचे सगळे भाग जोडतानाच्या, लांबलचक यादीवरून सहज नजर फिरली, आणि दिसलं: ताईनेच लिहिलेली लॉगिनची लायब्ररी, म्हणजे कुठल्याही भागाने उचलून वापरावा असा तयार कोड, दोनदा. एकदा स्टॅटिक, म्हणजे मुख्य प्रोग्रॅम बनतानाच त्याच्या पोटात बसवलेली. आणि एकदा डायनॅमिक, धाकटीच्या नव्या भागाने चालता चालता बाहेरून बोलावलेली. एकाच प्रोग्रॅमात दोन प्रती, आणि एकीला दुसरीचा पत्ता नाही. माणूस लॉगिन करतो पहिलीत, धाकटीचा भाग विचारतो दुसरीला, आणि ती म्हणते, कोण हा? मी नाही ओळखत. एका ओळीची दुरुस्ती. सांगायला तोंड उघडलंही होतं... तेवढ्यात साहेब धाकटीच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "ताईपेक्षा धाकटीच तेज निघाली की!" – सगळे हसले, मीही हसले, आणि तोंड मिटलं ते मिटलंच. जळते मी तिच्यावर. हो, जळते! बस म्हणावं शोधत.

साडेतीनला धाकटी उठून ताईच्या टेबलापाशी आली. डोळे सुजलेले; दोन दिवस धड जेवलीही नव्हती.

"ताई, माझाच काहीतरी गाढवपणा आहे गं. सगळं पुन्हा पुन्हा वाचलं. सापडतच नाही."

"लॉगिनचं बघितलंस?" हे आपण का विचारलं, ताईला कळेना.

"ते कशाला? ते तुझं आहे ना! साहेब म्हणाले होते, आधी तेच तपास. मी म्हटलं, ताईचं आहे ते, तिथे कशाला वेळ घालवू?"

म्हणजे दोन दिवस ही पोरगी सगळीकडे शोधत होती, माझी तेवढी जागा सोडून... सांगायला अर्धं मिनिट पुरे. पण सांगितलं की ती आधी गळ्यात पडेल, आणि मग अगदी साधेपणाने विचारेल – तुला कधी दिसलं गं? काय सांगू? आत्ताच, म्हणून सांगता येईल... आणि तिला ते पटेल. लगेच पटेल. तेच सहन होईना.

"काय झालं, ताई?"

साहेब, ती जागा, धाकटीवरची ती जळजळ – सगळं कुठल्या कुठे गेलं होतं. धाकटी जिच्याकडे एवढ्या भरवशाने बघत होती, तिच्या मनातल्या त्या ताईचाच या खऱ्या ताईला आता हेवा वाटत होता.