बोंडातली एक लांब पेशी

मी एक जुना कापसाचा तंतू आहे. बडनेऱ्याच्या एका शाळेत, विज्ञानाच्या कपाटातल्या लाकडी पेटीत मी राहतो. दोन काचांच्या मध्ये, राळेच्या थेंबात मला आडवे निजवलेले आहे. लांबी जेमतेम एक इंच. जाडी विचाराल, तर तुमच्या केसाहूनही कमी. पेटी पुसताना एखादा म्हणतो, "ही काच तर रिकामीच आहे." पण मित्रांनो, मी तिथे असतो. आणि मी एक पेशी आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच.

हे मला स्वतःलासुद्धा ठाऊक नव्हते. ते एका मुलीने शोधून काढले. पण आधी माझ्या जन्मापासून सांगतो.

माझा जन्म १९५९ सालच्या भादव्यात झाला. रुळांच्या पलीकडे चंद्रभानजींचे काळ्या मातीचे वावर आहे. तिथल्या एका पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडावर, एका सकाळी पिवळसर फूल उमलले. त्याच्या पोटात इवल्या इवल्या कोवळ्या सरक्या, म्हणजे कापसाच्या बिया, होत्या. त्यांतल्या एका सरकीच्या सालीत हजारो पेशी शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि त्यांत मी होतो. फूल उमलले त्या दिवशी आमच्यातल्या काही जणांना फुगवटा आला. मला आला, माझ्या शेजारणीला नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही.

मग मी वाढू लागलो. सर्वांत बाहेर माझी भिंत होती. तिला आतून एक पातळ पडदा लागून होता. काय आत घ्यायचे आणि काय नाही, ते तो बघे. त्याच्या आत चिकट, सतत हलणारे पेशीद्रव्य होते. त्यात साखर वापरून मला शक्ती पुरवणारे बारीक कण होते, आणि एक केंद्रक होते. मी कसा व्हायचे, याची सारी माहिती त्या केंद्रकाजवळ. मधली मोठी जागा मात्र पाण्याच्या पिशवीने व्यापलेली. ते पाणी आतून ढकले, भिंत कोवळी होती, म्हणून मी ताणला जाई. सायकलची ट्यूब फुगते तसाच. फक्त मी जाड होण्याऐवजी लांब होत गेलो. पाने उन्हात साखर तयार करीत आणि ती देठातून सरकीपर्यंत, सरकीतून माझ्यापर्यंत येई.

तीन आठवड्यांनी वाढ थांबली. मग मी भिंत लिंपायला घेतली, रोज एक थर, आणि तोही आतून. त्यामुळे माझी राहायची जागा दिवसेंदिवस कमी होत गेली.

कार्तिकात बोंड तडकले. ऊन आत आले. माझ्यातले पाणी उडाले, पेशीद्रव्य वाळले, केंद्रकही गेले. खरे सांगायचे तर त्या दिवशी मी मेलो. उरली ती पिळा पडलेली चपटी भिंत. तुमच्या अंगातला सदरा अशाच भिंतींचा विणलेला आहे.

त्याच आठवड्यात वेचणी सुरू होती. सुंदराबाई आणि त्यांची मुलगी जमुना एकाच ओळीत वेचत होत्या. जमुना नववीत होती आणि वेचणीमुळे वीस दिवस शाळेत गेली नव्हती.

"माय, उद्या शनिवार हाय," जमुना म्हणाली. "उत्तमराव सरनं सांगतलं, प्रयोगवही पुरी केली तर थे हेडमास्तरले माह्यासाठी सांगतीन. नाई तर नाव कमी होते."

"मंग कर ना पुरी. मी काय हात धरले तुये?"

"पेशीचं चित्र राह्यलं. सोता आणाचं, सोता पाह्याचं, मंग काढाचं. दुसऱ्याच्या वहीतून उतरवलं तर सर पान फाडतेत."

सुंदराबाईंनी दोन बोंडे वेचली. "उद्या सकायी जाय. पन आयक, नाव कमी झालं तर मंग मायासंगच याचं वावरात. मले घडी घडी हेडमास्तरच्या दारात उभं राह्यता येत नाई."

दुसऱ्या दिवशी जमुना शाळेत पोचली तेव्हा तिच्या ओढणीच्या गाठीत एक कांदा होता आणि कालच्या वेचणीतली सरकीसकट कापसाची एक फोड होती. त्या फोडीत मी होतो.

"जमने, वही आनली का गठोडं?" पहिल्या बाकावरचा गोवर्धन म्हणाला. "सर, हिच्या ओढनीतून सरकी पडून राह्यली!"

"तुझ्या वहीतून तर काहीच पडत नाही, गोवर्धन," उत्तमराव सर म्हणाले. "तू गप्प बैस."

फळ्यावर महिनाभरापासून एक वाक्य होते, आणि ते सगळ्यांच्या वहीत उतरले होते: 'पेशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.' त्याखाली कांद्याच्या पापुद्र्याचे चित्र होते. विटांसारख्या खोल्या, प्रत्येक खोलीत एक ठिपका.

जमुनाने कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, पाहिला आणि काढला. चित्र चांगले आले. तेवढ्यावर तिचे काम भागले असते. पण तिने गाठीतला कापूस काचेवर ठेवला, त्यावर पाण्याचा थेंब सोडला आणि पुन्हा डोळा लावला. बराच वेळ ती उठेना.

"सर, याच्यात खोल्या नाई."

"कशात? कापसात?" सर हसले. "अगं, तो धागा आहे. पुष्कळ पेशी जोडून झालेला असणार. नीट बघ, मध्ये भिंती लागतील."

"पाह्यलं. कांद्यात लगेच भिंत लागते. याच्यात भिंतच नाई लागून राह्यली."

सरांनी स्वतः एक तंतू उपटला. तो तुटला. दुसरा उपटला, तोही तुटला. "पूर्ण तंतू मिळाल्याशिवाय काय सांगणार?" ते म्हणाले. "दोन्ही टोकं पाहिजेत."

"मी काढू का?"

जमुनाने सरकी चिमटीत धरली. अंगठ्याचे नख सालीत हळूच रुतवले आणि सालीच्या बारीक कणासकट एक तंतू सोडवून घेतला. तो मी होतो. माझा बुंधा शाबूत होता, शेंडा शाबूत होता. इतकी वर्षे बोंडातून कापूस ओढणाऱ्या बोटांना किती जोर लावायचा ते कळते. सरांच्या बोटांना ते कळत नव्हते, आणि त्यांनी तसे मोकळेपणाने सांगितलेही.

मग काच बुंध्याकडून सरकू लागली. सर पाहत होते, जमुना सरकवत होती. एक पिळा गेला, दुसरा गेला. अर्धा तंतू गेला. शेवटी निमुळता शेंडा आला. मध्ये एकही भिंत नव्हती.

सरांनी चष्मा पुसला. "म्हणजे तुझं म्हणणं, हा सगळा तंतू एकच पेशी? मग पेशी नुसत्या डोळ्यांनाही दिसते!"

"माहं म्हननं नाई, सर. तुमीच पाह्यलं."

"पण केंद्रक कुठे आहे? ते दाखव. त्याशिवाय मी फळ्यावरचं वाक्य बदलणार नाही, आणि कापसाच्या चित्रावर सहीही करणार नाही."

जमुनाचा चेहरा उतरला. कांद्याचे चित्र तिच्यापाशी होतेच. ते दाखवून ती मोकळी होऊ शकली असती. तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "सर, मेलेल्याचं केंद्रक राह्यते का?"

"वाळून जात असेल."

"मंग जिता तंतू पाह्यला पाह्यजे. पऱ्हाटीच्या शेंड्यावर कच्च्या बोंडात असन. आनू?"

"बारा वाजता शाळा सुटते. साडेबारापर्यंत मी थांबतो."

ती धावली. मी काचेवर पडून होतो. घंटा झाली, वर्ग रिकामा झाला. फक्त गोवर्धन दारात उभा राहिला. त्यालाही आता काय निघते ते पाहायचे होते.

सव्वाबारा वाजून गेल्यावर जमुना आली. मुठीत हिरवे, सुपारीएवढे बोंड. आणि मागे सुंदराबाई, डोक्याला फडके बांधलेल्या, धापा टाकत.

"जयभीम, मास्तर. पोरगी वावरात येते, बोंड तोडते अन् पयते. म्हनलं, येड लागलं का काय?"

"जयभीम, बाई. बसा. आत्ता कळेल."

सरांनी बोंड कापले. आत ओले, चिकट, पांढरे. जमुनाने एक तंतू काढला. या वेळी तिलाही तिसऱ्या खेपेला जमले. सरांनी त्यावर आयोडीनचा थेंब सोडला. माझे ते धाकटे भावंड तिथे पिवळे पडत गेले, आणि त्याच्या आत एक तपकिरी ठिपका उमटला. टोकापासून टोकापर्यंत सरकवून पाहिले. एकच ठिपका होता.

सरांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. मग उठले, खडू घेतला आणि फळ्यावरच्या वाक्यात एक शब्द घातला. 'पेशी सहसा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.' जमुनाने त्या तंतूचे चित्र काढले, तिच्या पानावर त्यांनी सही केली. खाली लिहिले, 'स्वतः पाहिले. मीही पाहिले.'

"हेडमास्तरांकडे सोमवारी मी स्वतः जातो," ते सुंदराबाईंना म्हणाले. "तुम्ही यायची गरज नाही."

पण सुंदराबाईंचे लक्ष त्यांच्याकडे नव्हते. त्यांनी पदराने हात पुसले, नळीला डोळा लावला आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"हे जितं होतं?" त्यांनी विचारले. "अन् मी आजपावतर वेचते थे सगळं?"

"हो माय. एकेक तंतू, एकेक पेशी."

"मंग एका सरकीले असे किती असतीन, मास्तर?"

सर गोंधळले. "मोजलेले नाहीत, बाई."

"मोजा ना मंग. एवढी मोठी शाळा हाय तुमची."

गोवर्धन दारात हसला, पण सरांनी एक सरकी कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवली. माझ्यावर राळेचा थेंब टाकून वर दुसरी काच बसवली. सोमवारी हजेरी झाली तेव्हा जमुनाचे नाव पुकारले गेले, आणि कपाटातून मी तिचा "हजर" ऐकला.

मित्रांनो, या गोष्टीला आता सात वर्षे झाली. जमुना मॅट्रिक होऊन अमरावतीला शिकायला गेली. उत्तमराव सरांची बदली झाली. पहिल्या वर्षी मला रोज कोणीतरी पाहायचे. आता वर्षातून एकदा पेटी उघडते. राळ पिवळी पडली आहे. काच फुटेल म्हणून मला कुलपात ठेवतात, आणि माझे चित्र मात्र फळ्यावरून वहीत उतरवले जाते.

काच फुटू नये हे खरेच. म्हणून हात धुऊन या, मला कडेने धरा, उन्हात ठेवू नका. पण पाहा. बुंध्याकडून शेंड्याकडे हळूहळू सरकवा आणि मध्ये भिंत लागते का, ते तुम्हीच ठरवा.

आणि टेबलाच्या त्या खणात, उजवीकडे मागे, कागदात गुंडाळलेली एक सरकी अजून पडलेली आहे. सुंदराबाईंनी विचारले होते, किती. अजून कोणी मोजलेले नाही.