बाहेरून लावलेली कडी

मी एक जुनी पितळी कडी आहे आणि मित्रांनो, आधीच सांगते, मी पक्की संशयी आहे. कडीनं भोळं राहून कसं चालेल?

कारखान्यातून मी दुकानात आले आणि तिथून एका झोपायच्या खोलीच्या दाराला, आतल्या बाजूनं लागले. घरात नव्यानं आलेल्या वहिनीनं मला सरकवून पाहिलं. "वा, किती हलकी सरकते!" ती म्हणाली. माझं कौतुक झालं ते तेवढंच.

पुढे मालकाचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, आवाज चढू लागला. मग हातही उठू लागला. वहिनी पळत खोलीत यायची, मला लावून घ्यायची आणि मी जिवाच्या करारानं दार धरून ठेवायचे. ते मालकाला खुपलं. त्यानं सुतार आणला आणि मला काढून बाहेरच्या बाजूला बसवायला सांगितलं.

"बाहेरून? कशाला हो?" सुतारानं विचारलं.

"बायको झोपेत चालते. जिन्यावरून पडली तर?"

सुताराला ते पटलं. माझ्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. झोपेत चालणाऱ्या बाईला भरदुपारी कशाला कोंडायचं? मालक कामाला निघाला की मला लावायचा. पाहुणे आले तरी लावायचा आणि "तिला बरं नाही," असं गोड तोंडानं सांगायचा. मला तेल न चुकता घालायचा, आवाज होऊ नये म्हणून. त्या तेलाची मला शिसारी यायची.

शेजारच्या काकूंनी एकदा पोलीस बोलावले. आलेले साहेब मालकाबरोबर चहा प्यायले, "घरातलं घरात मिटवा," म्हणाले आणि गेले. तेव्हापासून माझा गणवेशावरचाही विश्वास उडाला.

पुढे एका सकाळी वहिनी खिडकीतून ओरडली, "काकू, पोलिसांना बोलवा, हा मला मारून टाकेल!" तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा चहा!

या वेळी एक हवालदारबाई आणि तिचा जोडीदार शिपाई आले. मालकानं घाईघाईनं मला उघडून वहिनीला बाहेर आणलं. "काही नाही हो, काकूंना उगाच शंका येतात. चहा घेणार ना?"

"नको," बाई म्हणाली. मी कान टवकारले. ती माझ्यासमोर थांबली. "ही कडी बाहेरून का?"

"ती झोपेत चालते."

बाईनं दार ढकलून आतली बाजू पाहिली. माझ्या जुन्या स्क्रूंची भोकं तिथे तशीच होती. तिनं त्यांवरून बोट फिरवलं, मालकाला जोडीदाराजवळ बसवलं आणि वहिनीला आत नेऊन दार लोटलं.

"ताई, तुम्ही झोपेत चालता?"

"मला झोपच लागत नाही हो. चालेन कुठून?" वहिनीला रडू फुटलं.

"तक्रार द्यायची का, ते तुम्ही ठरवा. पण इथे राहायचं नसेल तर आत्ता माझ्याबरोबर चला. आधी दवाखान्यात, मग सुरक्षित जागी. मी सोबत आहे."

बोलायला काय जातंय, असं मला वाटलं. पण ती खरंच घेऊन गेली. वहिनीनं तक्रार दिली आणि पोलिसांनी पुरावा म्हणून मलाही दारावरून काढून नेलं.

कोर्टातलं सगळं निस्तरल्यावर मी वहिनीकडे परत आले. आता तिच्या नव्या खोलीच्या दाराला आहे, आतल्या बाजूनं. मला लावून ती पहिल्या दिवशी म्हणाली, "अजून हलकी सरकते गं!" मला फार बरं वाटलं. तरी दारावर थाप पडली की "कोण?" विचारल्याशिवाय आम्ही दोघी उघडत नाही.

मित्रांनो, एखाद्या खोलीला फक्त बाहेरूनच कडी दिसली, तर खुशाल संशय घ्या. कारण जरूर विचारा. पण ते कडी लावणाऱ्याला नको, आत असलेल्या माणसाला विचारा, आणि एकटं गाठून विचारा.