आतून काळं कवेलू

"मामा, अख्ख्या गावात सगळ्यात चांगलं घर कोनाचं?"

मामांकडून याचं उत्तर काढायची पैज मैत्रिणींनी लावली होती. दोघी धानाच्या तणसाच्या ढिगाआड तोंड दाबून हसत होत्या. केवळराममामा काठी टेकून आमच्या ओसरीत बाबांची वाट पाहत होते. चाळीस वर्षं आमच्या करडी गावातली कवेलू, म्हणजे छपरांची कौलं, त्यांनीच फेरली. दर मे महिन्यात फुटकी काढायची, छप्पर नव्यानं रचायचं. सगळी घरं वरून उघडी पाहिलेला एवढा एकच माणूस! पण आता गावभर पत्र्याच्या टिना आल्या, मामांचं सोडलं तर कवेलूचं आमचं एकच उरलं. त्यात ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर देशातलं सर्वांत सुंदर घर निवडायची स्पर्धा लागली. फोटो पाठवायचा म्हणून बाबांनाही टिनांची स्वप्नं पडू लागली होती.

"मी कुठं पाह्यली घरं," मामा म्हणाले. "छप्पर उघडं असलं का खाली पाहू नाही, पोरी. माह्या बापानं शिकवलं."

पैज हरले मी, असं मला वाटलं.

"पन कवेलू पालटून पाहतो मी. चुलीवरचं जेवढं काळं, तेवढे लोक त्या घरी जेवले. तुमचं तं तव्यासारखं आहे."

"अन् तुमच्या घरचं?"

मामा अंगणाकडे पाहत राहिले. "तुही मामी रुखमिणी गेली, तवापासून चूल कमीच पेटते. नवं घातलेलं लालच राह्यलं."

ढिगाआडचं हसू थांबलं.

दुपारी मी चुलीजवळ उताणी पडले. फटींतून उतरलेले कवडसे सारवलेल्या भुईवर मासोळ्यांसारखे सरकत होते. वाटलं, घर तळ्याच्या तळाशी आहे आणि वर पाण्यावरून मामा चालताहेत, खाली न पाहता. त्यांनी कवेलू पालटलं की त्यातून माणसं उतरतात, धान कापणाऱ्या बाया, वाट चुकलेले पाव्हणे, आणि पाटावर बसतात. टीव्हीतल्या त्या झकपक घरांत मला एकही माणूस दिसला नव्हता.

संध्याकाळी बाबा आले, तेव्हा मामा ओसरीतच होते. यंदा टिनाच टाकतो, तुमचा गुडघाही आता शिडी चढू देत नाही, असं त्यांनी मामांना हळूच सांगितलं. मामांनी मान हलवली आणि काठी चाचपू लागले.

काठी माझ्या हातात होती.

"बाबा, टिना नोको," मी म्हणाले. "यंदा शिडी मी चढते. मामा खालून सांगतीन. अन् माय, तोवर त्यायचं ताट इथंच वाढजो."

मायनं आणखी एक पाट मांडला.

"वर गेल्यावर खाली पाहणार नाही मी."