तसबिरीचे लवंगी अश्रू

मठातली बाबांची तसबीर रडते, आणि तीही वेळेवर, ही बातमी फुटल्यापासून गल्लीत सायकल शिरायलाही जागा उरली नव्हती. संध्याकाळी सहाला पट्टशिष्य तसबिरीवरचा बल्ब लावायचे, सातला डोळ्यांखालून थेंब ओघळायचा आणि सगळा हॉल हुंदके द्यायचा. रविवारी रडणं बंद. दुःखालाही साप्ताहिक सुट्टी असते, हे ड्रॉइंगच्या बाईंना नव्यानेच कळलं.

बाई मावशीला न्यायला आल्या होत्या. मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गुरुवारवर आलं होतं आणि मावशी चार दिवस पट्टशिष्यांनी तीर्थ म्हणून दिलेले हे अश्रू डोळ्यांत घालत होती. डोळे लालभडक झाले होते.

"मावशी, आग होतेय ना?"

"पाप जळतंय. तू ते ऑपरेशन रद्द करून टाक बघू."

"भक्तहो!" पट्टशिष्य गरजले. "बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, पण करुणा अजून ओली आहे! वास घ्या, स्वर्गातल्या फुलांचा!"

बाईंनी वास घेतला. स्वर्गात बहुधा सगळ्यांचे दात दुखत असावेत. वास लवंगेच्या तेलाचा होता. तैलरंग लवकर वाळू नये म्हणून काही चित्रकार त्यात हे तेल घालतात, असं त्या वीस वर्षं वर्गात सांगत होत्या आणि वीस वर्षं कुणी ऐकत नव्हतं.

त्या तसबिरीजवळ गेल्या. चेहरा चपट्या ब्रशने, पातळ थरांत, निगुतीने रंगवलेला आणि कधीच वाळून खडखडीत झालेला. डोळ्यांखाली मात्र जाडजूड रंग गोल ब्रशने थापलेला, जणू बाबांना गेल्यावर गालफुगी झाली होती.

"हे कुणी केलं?"

"आपोआप आलंय! बाबांची माया!"

"मायेच्या ब्रशचे केस गळतात वाटतं?" बाईंनी रंगात चिकटलेला केस दाखवला आणि पर्समधली टाचणी काढून तिथेच टोचली. वरची साय फाटली. आतून लोण्यासारखा ओला रंग आणि मागोमाग तेल बाहेर आलं.

हॉलमधले हुंदके थांबले.

"रंगात तेल वारेमाप घातलंय. वर साय धरते, आत ओलंच राहतं. बल्बने तापलं की तेल सुटून ओघळतं. रविवारी रडणं बंद, कारण तेव्हा हे पट्टशिष्य नवा रंग भरतात."

"बाई, बाबांचा कोप होईल, तुमचे डोळे जातील!"

"आधी मावशीचे जातायत. बाबांचेच अश्रू ना? मग एक थेंब तुम्ही घाला."

सगळे बघत होते. पट्टशिष्यांनी थेंब बोटावर घेतला. बोट डोळ्यापर्यंत गेलं आणि तिथेच अडलं.

"आज... माझा उपास आहे."

"डोळ्याचा?" मावशीने मागून विचारलं.

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा हॉल. मावशी मात्र हसली नाही. ती भाचीचा हात धरून तडक डॉक्टरांकडे गेली. सूज उतरेपर्यंत ऑपरेशन तीन आठवडे पुढे गेलं. आणखी दोन दिवस हे घातलं असतं, तर बुबुळाचं काही खरं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले.

बाबांना मानायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण डोळ्यांत काही घालायला देणाऱ्या माणसाला "आधी तुम्ही घाला" असं सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. तेवढं मोठ्याने सांगा.