फिनबारची पाचवी फायनल

"डावा," ओठ फारसे न हलवता मानवेल पुटपुटला, आणि फिनबार लेही आपल्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या सगळ्या वजनासकट डावीकडे कोसळला. चेंडू त्याच्या छातीवर आपटून बाहेर गेला. शे-दीडशे प्रेक्षकांनी टाळ्या पिटल्या. म्हातारा अजून काय चपळ आहे, असं कोणीतरी म्हणालंसुद्धा. मानवेलने आपल्या पांढऱ्या कोटाची बटणं उगाचच चाचपली आणि आभाळाकडे बघितलं.

मानवेल तुस्कानो मूळचा वसईचा. आता सिडनीच्या ब्लॅकटाउन भागातल्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायचा. हर्लिंग या आयरिश खेळाशी त्याचा संबंध आला तो कोटामुळे. विटीदांडूतला दांडू थोरला करून टोकाला चपटा केला, विटीऐवजी चेंडू घेतला आणि तीस धटिंगणांना मैदानात सोडलं की झालं हर्लिंग. चेंडू खांबांमधल्या आडव्या दांडीवरून गेला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. खांबापाशी पांढऱ्या कोटातला अंपायर उभा असतो. गुणाला तो पांढरं निशाण हलवतो, गोलला हिरवं. सिडनीतल्या हर्लिंगवाल्यांना असा माणूस हवाच होता, आणि चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला फिनबारच्या शेजारी बसणाऱ्या मानवेलकडे स्वतःचे चार कोट होते. एवढ्या पात्रतेवर त्याची नेमणूक झाली.

फिनबारची कारकीर्द सांगायला फार वेळ लागत नाही. आयर्लंडमधल्या एका खेड्यात नवव्या वर्षी त्याने काठी हातात घेतली. बाविसाव्या वर्षी तो आपल्या काउंटीच्या संघात राखीव गोलकीपर झाला आणि दोन वर्षं त्याने इमानेइतबारे बाक उबवला, कारण मुख्य गोलकीपरला साधी सर्दीही होत नव्हती. एकदा मात्र देवाच्या दयेने त्या इसमाचं बोट मोडलं. फिनबार अकरा मिनिटं मैदानात होता, आणि त्या अकरा मिनिटांत चेंडू त्याच्या बाजूला फिरकलाच नाही. मग तो सिडनीला आला, प्लंबर झाला आणि पुढची चोवीस वर्षं एकाच क्लबच्या गोलात उभा राहिला. चार फायनल खेळला, चारही हरला. रविवारी दुपारी मानवेलच्या घरी जेवायला आला की तो घरची पदकं मोजून दाखवायचा. बापाची दोन, भावाची तीन, अगदी बहिणीचंसुद्धा एक. लेही घराण्यात पदक नसलेला तो आणि कुत्रा असे दोघेच होते.

अठ्ठ्याण्णव सालचा हंगाम सुरू झाला तेव्हा त्याच्या डोळ्यांनी संप पुकारला होता. मिस्साला त्याने गाण्याचं पुस्तक उलटं धरलेलं मानवेलने पाहिलं आणि खोदून विचारलं. तेव्हा फिनबारने कबूल केलं की जवळचं त्याला पुसट दिसतं आणि वीस पावलांपलीकडचं सगळं धुक्यात. चष्मा घातला तर क्लब आपल्याला घरी बसवेल, या भीतीने तो डॉक्टरकडेही जात नव्हता.

"हे एकच वर्ष, मॅनी," तो म्हणाला होता. "नंतर काठी माळ्यावर टाकतो."

चेंडू कुठून येतोय हे खांबापाशी उभ्या असलेल्या माणसाने सांगायचं, तेही मराठीत, ही कल्पना मूळ फिनबारची. डावा, उजवा, वर, हे तीन शब्द त्याने मानवेलच्या बायकोच्या, कॅरोलिनच्या, हातचे फुगे, म्हणजे वसईकडचे तळलेले पाव, खाता खाता दोन रविवारांत घोटून पाठ केले. अडचण एकच होती. अंपायर आपलं टोक सोडत नाही, संघ मात्र मध्यंतरानंतर टोकं बदलतात. त्यामुळे अर्धा सामना फिनबार भिंत असायचा आणि अर्धा सामना चाळणी. लोकांनी याचा दोष कधी उन्हाला दिला, कधी वाऱ्याला.

एकदा प्रतिपक्षाने तक्रार केली की अंपायर सारखा काहीतरी पुटपुटतो. रेफ्री विचारायला आला तेव्हा मानवेलच्या तोंडून निघून गेलं की तो रोझरी, म्हणजे मरियामायची जपमाळ, म्हणतोय. रेफ्री आयरिशच, त्याने आदराने छातीवर क्रूस केला आणि निघून गेला. घरी हे ऐकून कॅरोलिन भडकली.

"मरियामायला कशाला ओढलंस त्यात? लॅबमध्ये पॉइंट वन इकडचं तिकडे झालं तर परत टेस्ट लावतोस ना तू?"

"बिचारा एक मेडल मागतोय गं."

"मग दुकानातून आणून दे."

त्यांची मुलगी रेनी टीव्हीवरची नजर न काढता "डॅड, दॅट्स चीटिंग," एवढंच म्हणाली. मानवेलला ते पटलेलं होतं, हीच तर पंचाईत होती. पण मोसम सरत आला, क्लब जिंकत गेला, आणि ऑगस्टमधल्या एका गार रविवारी फिनबारची पाचवी फायनल उजाडली.

त्याच फायनलच्या उत्तरार्धात आता फिनबारचा संघ दोन गुणांनी पुढे होता आणि सहा मिनिटं उरली होती. प्रतिपक्षाने मध्यंतरानंतर एक नवा गडी आणला होता. त्यांचे दोन खेळाडू जायबंदी झाले होते, तेव्हा कोणीतरी पॅरामॅटाच्या आपल्या ऑफिसातला हॉकी खेळणारा पोरगा धरून आणला होता. सावळा, सडपातळ, कोणाच्यातरी ढगळ जर्सीत हरवलेला. मानवेलने त्याला श्रीलंकेचा ठरवून टाकलं होतं.

"वर," मानवेल पुटपुटला. फिनबारने काठी उंचावली आणि चेंडू थोपवला.

गोलच्या तोंडाशी उभा असलेला तो पोरगा वळला. त्याने फिनबारकडे पाहिलं, मग मानवेलकडे. चेंडू पार दुसऱ्या टोकाला गेल्यावर तो सावकाश खांबाजवळ आला.

"काका," तो म्हणाला, "मला मराठी कळतं. मी शौनक, पुण्याचा."

रोझरीची सबब इथे चालणार नव्हती.

"तुम्ही त्यांना सांगताय ना?"

"त्याला दिसत नाही रे," मानवेल कसाबसा म्हणाला. "शेवटची मॅच आहे त्याची."

शौनकने मान हलवली. "मी रेफ्रीला नाही सांगणार. माझ्या बाबांच्या वयाचे आहात तुम्ही." एवढं बोलून तो आपल्या जागेवर गेला.

त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं मानवेलला वाटलं. भांडता तरी आलं असतं. या मुलाने त्याची लाज राखली होती, आणि त्यामुळेच मानवेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बावीस वर्षं त्याने एकाही बाटलीवरचं नाव चुकवलं नव्हतं, आणि इथे तो कोट घालून सरळ सरळ लबाडी करत होता. फिनबार मात्र खांबाच्या बाजूला कान देऊन निश्चिंत उभा होता. त्याला यातलं काही कळलेलं नव्हतं.

शेवटचं मिनिट. चेंडू घोळक्यातून सुटून शौनकच्या पुढ्यात आला. बाकीचे तो उचलून हवेत मारत; याने हॉकीच्या सवयीने जमिनीलगत सपाटून हाणला. मानवेलला तो स्वच्छ दिसला. डावा. शब्द जिभेच्या टोकावर आला. फिनबारने किंचित मान कलती केली. तो वाट बघत होता.

मानवेलने दात आवळले.

फिनबार क्षणभर थांबला, मग उजवीकडे झेपावला. चेंडू डावीकडून जाळ्यात गेला.

मानवेलने हिरवं निशाण उचललं. हात शिशाचा झाला होता, तरी त्याने नियमाप्रमाणे निशाण डोक्यावर धरून हलवलं. पाठोपाठ शिट्टी झाली. एका गुणाने पाचवी फायनलही गेली.

फिनबार उठला, गुडघे झाडले आणि जिंकलेल्यांच्या रांगेत जाऊन प्रत्येकाचा हात हातात घेऊन आला. शौनकला त्याने काठी कुठे आणि कशी धरायची हे दोनदा करून दाखवलं. बाकी सगळे पबकडे निघाले तेव्हा जाळं सोडायचं काम नेहमीप्रमाणे गोलकीपरकडे उरलं होतं. मानवेल त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. काय बोलायचं हे त्याने तीनदा मनात जुळवलं होतं.

"फिनबार, तो शेवटचा... मी..."

"तो मला दिसला होता, मॅनी," फिनबार म्हणाला. "स्वच्छ दिसला. हात पोचला नाही, बस्स. वय झालं."

गोल झाला तेव्हा मानवेल तीन पावलांवर उभा होता. फिनबार कुठल्या बाजूला पडला होता, हे त्याच्याइतकं नीट कोणी पाहिलं नव्हतं.

"जोरात होता," मानवेल म्हणाला.

"फार जोरात," फिनबार म्हणाला, आणि खांबाला हात लावून, बोटांनी चाचपत, जाळ्याची एकेक गाठ शोधून सोडू लागला.