समोर मांडलेली खुर्ची

"काका, कान इथं असतात," दुकानातली मुलगी म्हणाली आणि स्वतःच्या कानाला बोट लावून हसली.

आर्नुल्फोने तिच्या बोटाकडे एकदा बघितलं आणि पुन्हा समोर वळला. तो स्पीकरच्या पेटीवर तळहात टेकवून उभा होता. थोड्या वेळाने वाकून त्याने पेटीला छातीच लावली. बाजारातलं दुकान, शनिवारची गर्दी, येणारेजाणारे थांबून बघतायत आणि माझा नवरा एका लाकडी पेटीला मिठी मारून, डोळे मिटून उभा! मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"अहो महाराज," मी त्याच्या दंडाला धरून म्हटलं, "लग्न लावून देऊ का दोघांचं?"

"पोरी," तो मला सोडून त्या मुलीला म्हणाला, "कान काय, गाढवालासुद्धा असतात. पेटी हातानं बघायची. खालचा सूर छातीत उतरला पाहिजे. नाही उतरला तर तो नुसता गोंगाट."

बारांकिया शहरात आमच्या बाजूला पेटी अशीच बघतात. आम्ही सगळे पिकोसमोर लहानाचे मोठे झालो. पिको म्हणजे दारापेक्षा उंच, कर्ण्यांची पेटी, तिच्यावर भडक रंगातलं चित्र, ती गल्लीत आणून लावली की कपाटातले पेले नाचायला लागायचे आणि म्हातारीकोतारीही खुर्च्या घेऊन बाहेर यायची. आर्नुल्फोच्या पिकोवर लाल खेकडा होता. आठवडाभर हा गोदीवर क्रेन चालवायचा आणि शनिवारी खेकडा घेऊन निघायचा. कोपऱ्यावरून येतानाच सांगायचा, तिसऱ्या कर्ण्याचा पडदा फाटलाय म्हणून. उघडून बघितलं की फाटलेलाच असायचा. म्हणून सगळी वस्ती त्याला 'कान' म्हणते. गुडघे गेले तेव्हा खेकडा विकावा लागला, पण नाव राहिलं. अजूनही कुणी नवी पेटी आणली की निरोप येतो, 'कानाला पाठवा.' मग हा इस्त्रीचा सदरा घालून जातो, पेटीवर हात ठेवतो, एक बटण इकडे, एक तिकडे करतो आणि बिअर पिऊन परत येतो.

तर, दुकानात यायचं कारण टीव्ही. नव्या टीव्हीची जाडी पापडाएवढी आणि आवाजही तेवढाच. आर्नुल्फो रोज बडबडायचा, "ही सगळी माणसं तोंडात भात धरून बोलतात." दुसऱ्या दिवशी आमची नात दाइरिस टीव्हीवर येणार होती. शहरातल्या एका छोट्या वाहिनीवर ती शिकाऊ म्हणून लागली होती आणि रविवारी दुपारी पहिल्यांदाच हवामानाच्या बातम्या सांगणार होती. आठवडाभर म्हाताऱ्याच्या तोंडी एकच धोशा, "पोरीचा शब्दन् शब्द ऐकला पाहिजे." नेमकी माझी भिशी लागली होती. म्हटलं चला, एकदाचा टीव्हीला गळा घेऊन देऊ.

पैशात दोनपैकी एकच बसत होतं. टीव्हीखाली ठेवायची लांब पट्टी, जिच्यात बोलणं स्वच्छ येतं. नाहीतर दोन पेट्या आणि त्यांना जोडायचं यंत्र, ज्यांच्यावर गाणं गाण्यासारखं वाजतं.

"पट्टी घ्यायची," मी म्हटलं. "त्या पेट्या आपल्या खोलीत ठेवल्या तर आपण झोपायचं कुठे? नाकापेक्षा मोती जड!"

"पट्टी?" तो म्हणाला. "मेणबत्त्यांच्या सणाच्या रात्री सगळी गल्ली पेट्या दारात मांडणार आणि कानाच्या दारात काय? ही फूटपट्टी? त्यापेक्षा मी तोंडानं वाजवतो."

"वाजव. दात बसवलेत ते सांभाळ फक्त."

मुलीचं नाव युरानी होतं. गोड पोरगी. तिने भांडण सोडवायला म्हणून पट्टी सुरू केली आणि पडद्यावर एक विनोदी प्रसंग लावला. एक लठ्ठ माणूस बायकोला काहीतरी खोटं सांगतोय आणि बायको त्याच्याच खिशातून पुरावे काढतेय. बोलणं खरोखरच काचेसारखं स्वच्छ येत होतं. दुकानातली सगळी माणसं खो खो हसली. मीही हसले. आर्नुल्फोही हसला.

पण तो मागून हसला. आधी त्याने माझ्याकडे बघितलं, माझे दात दिसले आणि मग तो हसला.

मला काही कळलं नाही, नुसतं खटकलं. तेवढ्यात युरानी त्याच्या पाठीमागे खाली वाकून वायर शोधत म्हणाली, "काका, टीव्ही भिंतीवर आहे की टेबलावर?" हा गप्प. तिने पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. हा पट्टीकडे बघत शांत उभा, चर्चमधल्या संतासारखा. तिसऱ्यांदा ती उठून त्याच्यासमोर आली आणि तेच बोलली, तेव्हा हा लगेच म्हणाला, "टेबलावर, पोरी. भिंतीला ओल आहे."

मला आमच्या ओट्यावरची त्याची खुर्ची आठवली.

आमच्याकडे संध्याकाळी सगळे ओट्यावर डुलत्या खुर्च्या टाकून बसतात, तोंडं रस्त्याकडे, कोण आलं कोण गेलं बघायला. नवरा-बायको शेजारी शेजारी बसतात. आर्नुल्फोने मात्र काही वर्षांपासून आपली खुर्ची वळवून घेतली होती. माझ्या समोर, रस्त्याकडे पाठ करून. दिवाही असा लावून घेतला होता की उजेड माझ्या तोंडावर पडावा. शेजारची ओसिरिस रोज टोमणे मारायची, "काय गं एनिल्दा, याचं प्रियाराधन अजून संपलं नाही वाटतं? माझा मेला तर माझ्याकडे बघून जांभई देतो." मी वरवर लाजायची आणि आतून फुलायची. खोटं कशाला बोलू, संध्याकाळी ओट्यावर जायच्या आधी ओठांना रंग लावायची मी. या वयात!

आणि हा मेला माझे ओठ वाचत होता.

राग आला, रडू आलं, आणि त्या दुकानात उभ्या उभ्या हसूही आलं, कारण तो रंग त्याला वाचायला किती सोयीचा पडला असेल! टीव्हीतल्या माणसांच्या तोंडात भात नव्हता. गोदी आणि खेकडा, दोघांनी मिळून याचे कान खाल्ले होते आणि हा 'कान' नावाचा माणूस तळहाताच्या जोरावर वस्तीत मान ताठ ठेवून फिरत होता. हे बाहेर फुटलं असतं तर उद्यापासून त्याला निरोप कुणी पाठवला असता? लोकांनी दया केली असती. आणि दया आर्नुल्फोला पचत नाही, डुकराच्या मांसासारखी बाधते.

"मग पट्टीच बांधून देऊ ना, काकू?" युरानीने विचारलं.

मी पट्टीकडे बघितलं. काचेसारखा आवाज. काय उपयोग? त्याला जे पोचत नव्हतं ते हिच्यातूनही पोचणार नव्हतं. आणि जे पोचत होतं, ते त्या दोन धुडांतूनच येणार होतं.

"नाही," मी म्हटलं. "दोन पेट्या दे."

आर्नुल्फो माझ्या तोंडाकडेच बघत होता. त्याचा विश्वास बसेना. "मघाशी तर नाकापेक्षा मोती जड होता."

"आता नाक वाढलं माझं."

"आणि तुझी मालिका?"

"त्यांचं बोलणं ऐकायची गरजच काय? सासू दुष्ट आहे, मोलकरीण श्रीमंताची हरवलेली मुलगी आहे आणि डॉक्टर खोटं बोलतोय. पन्नास वर्षं तेच चाललंय."

तो इतका खूश झाला की त्याने टॅक्सीवाल्याशी घासाघीसही केली नाही. घरी येईपर्यंत एक हात माझ्या गुडघ्यावर आणि एक पेटीवर. त्याला कानाच्या डॉक्टरकडे न्यायचंच, हे मी वाटेतच ठरवलं. पण सण झाल्यावर. सणाच्या तोंडावर माणसाचा पाणउतारा करू नये.

रविवारी सकाळपासून मी तुरीच्या ओल्या दाण्यांचं सांकोचो, आमच्याकडचं दाट सूप, शिजत घातलं होतं. दुपारी ओसिरिस आपली प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली. तिच्यामागून तिचा जांभईवाला नवरा, माझी दोन्ही पोरं, सुना, निम्मी गल्ली. खोलीत पेट्याच एवढ्या मोठ्या की माणसं खिडकीत बसली. आर्नुल्फो इस्त्रीचा सदरा घालून एका पेटीच्या बाजूला, हात तिच्यावर. सगळ्यांनी पेट्यांचं कौतुक केलं. "कानाची निवड आहे, बोलायचं काम नाही," ओसिरिसचा नवरा म्हणाला आणि आर्नुल्फोने मान डोलवली.

मी माझी डुलती खुर्ची उचलली आणि टीव्हीच्या शेजारी नेऊन ठेवली, तोंड आर्नुल्फोकडे. खिडकीतला उजेड बरोबर माझ्या चेहऱ्यावर येत होता. ओठांना रंग लावलाच होता.

"अगं ए," ओसिरिस ओरडली, "टीव्हीकडे पाठ करून कुठे बसलीस? नात दिसणार कशी तुला?"

"नात मी तिच्या जन्मापासून बघतेय. तू बघ."

दाइरिस आली, हे मला सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. मग तिचा आवाज आला, जरासा कापरा, मग स्थिर. आणि ती जे जे बोलली, ते ते मी तिच्यामागोमाग बोलत गेले, तोंड चांगलं उघडून, सावकाश. उत्तरेकडून जोराचे वारे येतील. नदीच्या मुखाशी लाटा उंच असतील. छोट्या होडीवाल्यांनी दोन दिवस समुद्रात जाऊ नये. रात्री हवा गार, अंगावर काहीतरी घ्या.

"एनिल्दा!" ओसिरिस करवादली. "पोपट आहेस का? ऐकू दे ना पोरीला!"

"माझं घर, माझी नात, माझं तोंड. तुला नको असेल तर तुझ्या घरी जाऊन बघ."

सुना तोंडाला पदर लावावा तशा हात लावून हसायला लागल्या. म्हातारी चळली, असं पोरांनी एकमेकांना डोळ्यांनी सांगितलं. सांगू देत. ऐकावं जनाचं, करावं मनाचं. मी बोलत राहिले.

आर्नुल्फो आधी पडद्याकडे बघत होता. मग त्याची नजर हळूच सरकली आणि माझ्यावर आली. त्याला कळलं. आपलं बिंग हिला कळलंय, हे त्याला तिथंच कळलं. त्याचे कान तांबडे झाले. मला वाटलं, उठून आता बाहेर जातो हा. पण तो उठला नाही. हात पेटीवरच होता. बोटं जरा पसरली आणि डोळे माझ्या तोंडावर खिळले.

शेवटी दाइरिस थांबली. मग तिचा आवाज एकदम खेळकर झाला. आमच्या पिकोवर दोन गाण्यांच्या मध्ये माइकवरून सलाम पाठवायची रीत आहे, नाव घेऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. माझी आणि आर्नुल्फोची ओळखच त्यातून झाली. मी नाच सोडून घरी निघाले होते तेव्हा खेकड्यातून आवाज आला होता, "हा सलाम निळ्या फ्रॉकवालीला, जिला घरी लवकर जायचंय आणि जी जाणार नाहीये!" ही गोष्ट आम्ही पोरांना, नातवंडांना शंभरदा सांगितलेली.

"आणि जाता जाता," दाइरिस टीव्हीवरून म्हणाली, "हा सलाम लाल खेकड्याच्या आर्नुल्फोला, जो या पोरीचा आजोबा आहे आणि जो सध्या कुठेही जाणार नाहीये!"

खोलीत एकच कल्ला उठला. ओसिरिस किंचाळली, पोरांनी टाळ्या पिटल्या, कुणीतरी आर्नुल्फोच्या पाठीवर थाप मारली. तो सगळ्यांकडे बघून हसला, नेहमीसारखा मागून. आणि मग माझ्याकडे वळला, वाट बघत.

मला बोलताच येईना. ओठ थरथरायला लागले, हनुवटी हलायला लागली. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. त्या थरथरणाऱ्या ओठांवर त्याला काय दिसणार होतं?

तो पुढे वाकला. गलक्यात कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "तोंडातला भात गिळ, एनिल्दा. आणि बोल."

मी गिळला. डोळे पुसले. दाइरिसचा सलाम पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकेक शब्द सुटा करून त्याला सांगितला. तो ऐकत राहिला. हो, ऐकतच होता, मी दुसरं काही म्हणणार नाही. सांगून झाल्यावर त्याने खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं, पेटीवरचा न पडलेला डाग पुसला.

मग म्हणाला, "ते वाऱ्याचं परत सांग. तिथं घाई केलीस."

मी खुर्ची आणखी थोडी पुढे ओढली आणि वाऱ्याचं परत सांगितलं.