मेन स्विच

श्रावणने दुकानाचं शटर खाली ओढलं, कुलूप लावलं, एकदा हिसका देऊन पाहिलं आणि हात मागे घेतला. काजल बाजूला उभी होती, भाचीच्या साखरपुड्याची साडी पिशवीत घेऊन. दिवेलागणीआधी भिवापूरला पोचायचं होतं.

लकडगंजातलं हे प्लायवूडचं दुकान बंद करणं हे रोजचं दिव्य होतं. मेन स्विच स्वतः बंद केलेला असूनही तो कोपऱ्यापर्यंत जाऊन परते, शटर उघडे, स्विच पाही. घरी जेवताना काजलला विचारी, बंद केला होता ना मी? ती हो म्हणे. हात धुताना पुन्हा विचारी. अशाने किती लग्नकार्यं चुकली. सख्खा मेहुणा बोलेनासा झाला.

आधी तो प्रताप नगरात समुपदेशक अस्मिताताईंकडे जाई. त्या ऐकून घेत. लहानपणी उमरेडला बापाचे हातमाग आगीत गेले, त्याबद्दल तो कोणाजवळच बोलला नव्हता. त्यांच्यापुढे बोलला, पोटभर रडला. तेव्हापासून वडिलांचं नाव तो सहज काढू लागला. ते ओझं खरोखर उतरलं. स्विच मात्र सुटला नाही. मग ताईंनीच त्याला सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याचे उपचार करणाऱ्या सुरुची मॅडमकडे पाठवलं.

सुरुचीने आगीची हकीकत ऐकली, पण तिथे फार रेंगाळली नाही. शटर ओढताच मनात नेमकं काय येतं, ते तिने विचारलं. आणि परत जाऊन पाहिल्यावर काय होतं, तेही.

"घडीभर बरं वाटते," श्रावण म्हणाला. "मग पुन्हा तेच."

"तुम्ही पाहून आलात की शंकेला आणखी जोर येतो," ती म्हणाली. "एकदा न पाहता जाऊ. भीती वाढेल, वाढू द्या. ती आपणहून उतरते का, तेवढं बघायचं."

त्याने विचारलं तरी हो म्हणायचं नाही, असं तिने काजललाही सांगितलं. ते ऐकून काजलचा चेहरा उतरला होता.

आता दोघं चालू लागली. आरागिरणीपाशी श्रावणचे पाय जड झाले. पण त्याने काजलला स्विचचं विचारलं नाही. चालत राहिला.

कोपऱ्यावर काजल थांबली.

"किल्ली द्या," ती मागे बघत म्हणाली. "मी एकदा पाहून येते. लाकडाचं दुकान हाय, कधी काय होईन सांगता येते काय?"

श्रावण तिच्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं त्याला हो म्हणणाऱ्या काजलनेच आज किल्लीसाठी हात पुढे केला होता. त्याचा हात खिशातल्या किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला.

"मलेबी तसंच वाटून राहिलं," तो हळूच म्हणाला. "वाटू दे. चाल वं."

भर रस्त्यात त्याने कधी तिचा हात धरला नव्हता. आज धरला.

ऑटोत बसताना काजलने एकदा मागे वळून पाहिलं. त्याने पाहू दिलं, आणि ऑटोवाल्याला बसस्टँड सांगितलं.